मॉनिटर घेताय? इंच आणि किंमत बघण्याआधी पॅनल बघा

‘२७ इंच, फुल एचडी, १०० हर्ट्झ, १ एमएस, एचडीआर, ९९ टक्के एसआरजीबी.’ ऑनलाइन सेलमध्ये मॉनिटर शोधायला बसलं की प्रत्येक मॉडेलच्या नावामागे अशी लांबलचक शेपटी दिसते. दोन मॉनिटर दिसायला सारखे, आकडेही जवळपास सारखे, पण किमतीत चार-पाच हजारांचा फरक. हा फरक कशाचा, हे कुठेच धड लिहिलेलं नसतं. मग बहुतेक जण जास्त इंच आणि कमी किंमत बघून ऑर्डर देऊन मोकळे होतात.

मोबाइल दोन-तीन वर्षांत बदलला जातो. मॉनिटर मात्र एकदा टेबलावर बसला की सात-आठ वर्षं सहज तिथेच राहतो. घरून काम करणारे, स्पर्धा परीक्षेची ऑनलाइन तयारी करणारे, डिझायनर, अकाउंटंट, गेमर अशा सगळ्यांचे डोळे रोज कित्येक तास त्याच काचेवर असतात. त्यामुळे निवड चुकली तर तिचा त्रास रोज होतो.

ही निवड करताना सगळ्यात आधी बघायची गोष्ट म्हणजे पॅनल.

पॅनल म्हणजे नेमकं काय?

मॉनिटरवर नाव कोणत्याही कंपनीचं असो, चित्र प्रत्यक्ष दाखवणारा काचेचा थर म्हणजे पॅनल. जगात पॅनल बनवणारे कारखाने मोजकेच आहेत. त्यामुळे वेगवेगळ्या ब्रँडच्या मॉनिटरमध्ये एकाच कारखान्याचं पॅनल असू शकतं. आणि एकाच ब्रँडच्या दोन मॉडेलमध्ये पूर्णपणे वेगळ्या प्रकारची पॅनल असू शकतात.

आज बाजारात मिळणारे बहुतेक मॉनिटर एलसीडी आहेत. एलसीडीमधले द्रव स्फटिक, म्हणजे लिक्विड क्रिस्टल, स्वतः प्रकाश देत नाहीत. मागे पांढरा दिवा सतत सुरू असतो आणि हे स्फटिक खिडकीच्या झडपेसारखे कमी-जास्त उघडून तो प्रकाश पुढे सोडतात किंवा अडवतात. पुढे लाल, हिरवा आणि निळा असे फिल्टर असतात. त्यातून रंग तयार होतात.

इथेच एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. दुकानात ‘हा एलसीडी नाही, एलईडी मॉनिटर आहे’ असं अनेकदा ऐकू येतं. प्रत्यक्षात ‘एलईडी मॉनिटर’ म्हणजे एलसीडीच. पूर्वी मागचा दिवा छोट्या ट्यूबलाइटसारखा असायचा, आता त्या जागी एलईडी आले, एवढाच बदल. त्यामुळे खोक्यावरच्या ‘एलईडी’ या शब्दावरून पॅनलबद्दल काहीच कळत नाही. शोधायचे शब्द आहेत टीएन, आयपीएस, व्हीए आणि ओलेड.

टीएन: वेगवान, पण समोरूनच बघा

टीएन हे यातलं सगळ्यात जुनं तंत्रज्ञान. १९७० च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये मार्टिन शॅड्ट आणि वोल्फगांग हेलफ्रिश यांनी ते विकसित केलं. आधी घड्याळं आणि कॅल्क्युलेटर, मग लॅपटॉप आणि मॉनिटर असा त्याचा प्रवास झाला.

बनवायला स्वस्त आणि चित्र बदलण्यात चपळ, या दोन गुणांवर टीएन टिकून राहिलं. पण डोकं जरा वर-खाली झालं तरी त्यावरचे रंग बदलतात. खालून बघितलं तर चित्र काळपट दिसतं, गडद भाग तर उलटेच भासतात. आता आयपीएसचे दर उतरल्यामुळे साध्या वापरासाठी टीएन घेण्याचं कारण उरलेलं नाही. स्पर्धात्मक गेमिंगच्या काही खास मॉनिटरमध्ये ते अजून दिसतं.

आयपीएस: बहुतेकांसाठी योग्य

टीएनचं हेच दुखणं दूर करण्यासाठी आयपीएस आलं. जपानच्या हिताची कंपनीने १९९६ मध्ये ते बाजारात आणलं. यात स्फटिक काचेला समांतर राहूनच फिरतात, त्यामुळे बाजूने बघितलं तरी रंग फारसे बदलत नाहीत. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला एक्सेल शीट दाखवायची असो किंवा घरातल्या चौघांनी एकत्र सिनेमा बघायचा असो, आयपीएस इथे कामी येतं. फोटो एडिटिंग, डिझाइन, व्हिडिओ या कामांसाठीही म्हणूनच त्याची शिफारस होते.

याची कमजोरी म्हणजे काळा रंग. साध्या आयपीएसचा कॉन्ट्रास्ट साधारण १०००:१ असतो, म्हणजे पांढरा रंग काळ्यापेक्षा हजारपट उजळ. आकडा मोठा वाटतो, पण अंधाऱ्या खोलीत सिनेमा लावला की वरची-खालची काळी पट्टी राखाडी दिसते. कोपऱ्यांत फिकट चमकही दिसते. तिला ‘आयपीएस ग्लो’ म्हणतात. अलीकडे ‘आयपीएस ब्लॅक’ नावाची सुधारित पॅनल आली आहेत. त्यांचा कॉन्ट्रास्ट सुमारे २०००:१ असतो, पण किंमतही जास्त असते.

व्हीए: काळा रंग गडद, हालचालीत मात्र जरा मागे

व्हीएमध्ये स्फटिक काचेला काटकोनात उभे राहून प्रकाश चांगला अडवतात. त्यामुळे कॉन्ट्रास्ट ३०००:१ च्या आसपास किंवा त्याहून जास्त मिळतो. रात्री दिवे मालवून सिनेमे आणि वेबसिरीज बघणाऱ्यांना व्हीएचा काळा रंग आवडतो. बाजारातले बरेच वक्राकार मॉनिटर व्हीएच असतात.

याचे दोन तोटे आहेत. एक, बाजूने बघितल्यावर रंग फिके पडतात. दोन, गडद रंगातून दुसऱ्या गडद रंगात जायला या स्फटिकांना वेळ लागतो. अंधारातल्या दृश्यात काही वेगाने हललं की त्यामागे काळसर डाग ओढल्यासारखा दिसतो. काळ्या पार्श्वभूमीवर वेबपेज भरभर स्क्रोल केलं तरी हा परिणाम जाणवतो. महागड्या व्हीए पॅनलमध्ये तो बराच कमी झाला आहे, स्वस्तात मात्र आहेच.

ओलेड: सगळ्यात सुंदर, पण सगळ्यांसाठी नाही

ओलेडमध्ये मागे दिवाच नसतो. प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि काळा दाखवायचा असेल तेव्हा चक्क बंद होतो. त्यामुळे काळा खरोखर काळा दिसतो आणि चित्र बदलायचा वेग एलसीडीच्या कित्येक पट असतो. या तंत्राचा पाया १९८७ मध्ये कोडॅक कंपनीतल्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांच्या शोधनिबंधाने घातला. मॉनिटरच्या दुकानापर्यंत यायला मात्र त्याला तीन दशकांहून जास्त काळ लागला.

किंमत सोडली तरी याबाबत दोन गोष्टींचा विचार करावा लागतो. पहिली म्हणजे बर्न-इन. टास्कबार, न्यूज चॅनलचा लोगो, एक्सेलच्या रेषा अशा गोष्टी महिनोन्महिने एकाच जागी राहिल्या तर तिथले पिक्सेल जास्त झिजतात आणि त्यांची पुसट छाप कायमची उरते. कंपन्यांनी यावर उपाय काढले आहेत आणि काही कंपन्या बर्न-इनसाठी तीन वर्षांची वॉरंटीही देतात. तरीही दिवसाचे आठ-दहा तास एकच सॉफ्टवेअर उघडं ठेवणाऱ्याने दोनदा विचार केलेला बरा.

दुसरी गोष्ट अक्षरांची. अनेक ओलेड पॅनलमध्ये लाल, हिरव्या आणि निळ्या ठिपक्यांची मांडणी नेहमीच्या एलसीडीपेक्षा वेगळी असते. विंडोज अक्षरांच्या कडा गुळगुळीत करताना नेहमीची मांडणी गृहीत धरतं. त्यामुळे काही मॉनिटरवर बारीक अक्षरांच्या कडांना रंगीत झाक दिसते.

यांच्या अधेमधे ‘मिनी एलईडी’ हा प्रकार आहे. हे पॅनल एलसीडीच असतं, पण मागचे दिवे शेकडो लहान भागांत विभागलेले असतात आणि गरजेप्रमाणे मंद होतात. काळा रंग सुधारतो, पण काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली की भोवती वलय दिसू शकतं.

मराठी वाचायचं असेल तर इंचाचं गणित वेगळं

पॅनल ठरलं की पुढचा प्रश्न आकाराचा. इथे एक फसगत नेहमी होते. इंच हे पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचं माप. त्यात पिक्सेल किती आहेत, हे इंचावरून कळत नाही.

फुल एचडी म्हणजे १९२० × १०८०, सुमारे २०.७ लाख पिक्सेल. क्यूएचडी म्हणजे २५६० × १४४०, सुमारे ३६.९ लाख. फोर-के म्हणजे ३८४० × २१६०, सुमारे ८३ लाख. हेच पिक्सेल मोठ्या पडद्यावर पसरले की प्रत्येक इंचात कमी पिक्सेल येतात. या दाटीला पीपीआय म्हणतात.

• २४ इंच, फुल एचडी: सुमारे ९२ पीपीआय
• २७ इंच, फुल एचडी: सुमारे ८२ पीपीआय
• २७ इंच, क्यूएचडी: सुमारे १०९ पीपीआय
• ३२ इंच, क्यूएचडी: सुमारे ९२ पीपीआय
• २७ इंच, फोर-के: सुमारे १६३ पीपीआय
• ३२ इंच, फोर-के: सुमारे १३८ पीपीआय

म्हणजे २४ इंची फुल एचडी सोडून त्याच रिझोल्यूशनचा २७ इंची मॉनिटर घेतला, तर पडदा मोठा होतो, पण अक्षरं आधीपेक्षा खरबरीत दिसतात. पडद्यावर मावणारा मजकूरही तेवढाच राहतो.

देवनागरी वाचणाऱ्यांना हा फरक इंग्रजी वाचणाऱ्यांपेक्षा लवकर जाणवतो. इंग्रजी अक्षर बहुतांशी एकाच पट्टीत बसतं. देवनागरीत मधल्या अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असतो. ‘सर्वांत’, ‘दृष्टी’, ‘कर्तृत्व’ असे शब्द त्याच आकारात दाखवायचे तर मोजक्या पिक्सेलमध्ये बरंच काही कोंबावं लागतं. दाटी कमी असेल तर रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात, जोडाक्षराचा गोळा होतो. प्रूफ वाचणारे, अनुवादक, डीटीपी करणारे, मराठीत नोट्स काढणारे विद्यार्थी यांनी म्हणूनच १०० पीपीआयच्या पुढचा मॉनिटर घेतल्यास डोळ्यांना बराच आराम मिळतो. २७ इंची क्यूएचडी हा यातला व्यवहार्य पर्याय. बजेट कमी असेल तर २२ इंची फुल एचडी हाही २७ इंची फुल एचडीपेक्षा सुबक दिसतो.

घरातला जुना ३२ इंची ‘एचडी रेडी’ टीव्ही मॉनिटर म्हणून लावायचा विचार असेल तर हे गणित आठवा. १३६६ × ७६८ पिक्सेल ३२ इंचांवर पसरले की दाटी जेमतेम ४९ पीपीआय उरते. सोफ्यावरून मॅच बघायला ती पुरते, दोन फुटांवरून वाचायला नाही.

हर्ट्झ आणि मिलिसेकंद: जाहिरातीतले आकडे कसे वाचायचे?

रिफ्रेश रेट म्हणजे पडदा एका सेकंदात किती वेळा नवं चित्र दाखवतो. ६० हर्ट्झमध्ये दर सुमारे १७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतं, १०० हर्ट्झमध्ये १० आणि १४४ हर्ट्झमध्ये सुमारे ७ मिलिसेकंदांनी. ऑफिसच्या कामाला ६० पुरतात. पण ७५ किंवा १०० हर्ट्झवर माउस आणि स्क्रोलिंग जास्त सुरळीत वाटतं, आणि आता स्वस्त मॉनिटरमध्येही ते मिळतं. गेमिंगसाठी १४४ च्या पुढे जायला हरकत नाही, फक्त कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड तेवढ्या फ्रेम काढू शकतं का, हे आधी बघावं. फ्रेमचा वेग कमी-जास्त झाला तरी चित्र फाटल्यासारखं दिसू नये म्हणून एएमडीचं फ्रीसिंक किंवा एनव्हिडियाचं जी-सिंक ही सोय असते.

रिस्पॉन्स टाइम हा सगळ्यात फसवा आकडा. ‘१ एमएस’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, पण ते कसं मोजलं हे बारीक अक्षरात. ‘जीटीजी’ लिहिलं असेल तर एका राखाडी छटेतून दुसऱ्या छटेत जायला लागलेला वेळ, तोही बऱ्याचदा सगळ्यात अनुकूल स्थितीतला. ‘एमपीआरटी’ लिहिलं असेल तर ते मोजमापच वेगळं. तो आकडा गाठण्यासाठी बहुधा मागचा दिवा झपझप चालू-बंद करावा लागतो. त्यात उजेड घटतो. म्हणून एका मॉनिटरचा जीटीजी आणि दुसऱ्याचा एमपीआरटी यांची तुलना करू नये.

असेच आणखी काही आकडे:

• बघण्याचा कोन १७८ अंश: आयपीएस आणि व्हीए दोन्हींवर हाच आकडा असतो. कारण त्या कोनातून कॉन्ट्रास्ट १०:१ पर्यंत घसरला तरी तो कोन धरला जातो. रंग किती बदलले, हे त्यात मोजलंच जात नाही.

• डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, लाखांत किंवा कोटींत: मागचा दिवा कमी-जास्त करून काढलेला हा आकडा आहे. बघायचा तो ‘स्टॅटिक’ किंवा ‘टिपिकल’ कॉन्ट्रास्ट.

• १.६७ कोटी रंग: हे ८ बिट पॅनलचं माप. स्वस्त पॅनल बऱ्याचदा ६ बिटचं असतं आणि छटा वेगाने बदलत ठेवून ८ बिटचा आभास निर्माण करतं. साध्या कामात हे जाणवत नाही, डिझाइनच्या कामात जाणवू शकतं.

• एसआरजीबी ९९ टक्के: वेब आणि सोशल मीडियासाठी हे पुरेसं आहे. काही ठिकाणी ‘७२ टक्के एनटीएससी’ लिहितात, ते जवळपास एसआरजीबीएवढंच. ‘४५ टक्के एनटीएससी’ दिसलं तर रंग फिके असणार हे धरून चाला. व्हिडिओचं काम असेल तर डीसीआय-पी३ ची टक्केवारी बघा.

• एचडीआर: ‘एचडीआर १० सपोर्ट’ याचा अर्थ एवढाच की मॉनिटर तो सिग्नल घेतो. व्हेसा या संस्थेने २०१७ मध्ये ‘डिस्प्ले एचडीआर’ ही श्रेणी सुरू केली. त्यातली ४०० ही एलसीडीसाठीची सगळ्यात खालची पायरी. खरा फरक दिसायला ६०० किंवा १००० ची श्रेणी आणि लोकल डिमिंग, किंवा मग ओलेड लागतं. स्वस्त मॉनिटरवर एचडीआर सुरू केलं की चित्र बऱ्याचदा आणखीच फिकं दिसतं.

डोळ्यांसाठी खरं काय महत्त्वाचं?

‘ब्लू लाइट फिल्टर’ची जाहिरात जोरात असते. अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी या नेत्रतज्ज्ञांच्या संस्थेचं म्हणणं असं की, स्क्रीनच्या निळ्या प्रकाशाने डोळ्यांना इजा होते असा पुरावा नाही. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात आणि तासन्‌तास एकाच अंतरावर नजर खिळते. थकवा येतो तो यामुळे. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद बघणं, हा साधा उपाय कोणत्याही फिल्टरपेक्षा उपयोगी आहे.

मॉनिटरमध्ये बघायच्या गोष्टी वेगळ्या. काही मॉनिटर उजेड कमी करण्यासाठी दिवा वेगाने चालू-बंद करतात. काहींना त्याने डोकं दुखतं. ‘फ्लिकर-फ्री’ मॉनिटरमध्ये हे टाळलेलं असतं. खिडकीसमोर टेबल असेल तर चकचकीत पडद्याऐवजी मॅट पडदा आणि किमान ३०० निट्स उजेड असावा. आणि स्टँडची उंची कमी-जास्त होते का, हे जरूर बघा. स्वस्त मॉडेलमध्ये पडदा फक्त पुढे-मागे कलतो, उंची बदलत नाही. मग खाली पुस्तकांचा ढीग ठेवावा लागतो. मागे ७५ किंवा १०० मिलिमीटरची व्हेसा छिद्रं असतील तर नंतर वेगळा स्टँड लावता येतो.

केबलने घात करू नये

फोर-के मॉनिटर आणला आणि माउस अडखळत चालतोय, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. कारण बहुतेक वेळा पोर्टमध्ये असतं. जुन्या लॅपटॉपचं एचडीएमआय १.४ पोर्ट फोर-के चित्र फक्त ३० हर्ट्झवर देतं. ६० हर्ट्झसाठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट लागतं, तर १२० हर्ट्झसाठी एचडीएमआय २.१ किंवा डिस्प्लेपोर्ट १.४.

यूएसबी-सी असलेल्या मॉनिटरला एकाच केबलने चित्र, चार्जिंग आणि डेटा तिन्ही मिळतं. मात्र लॅपटॉपचं प्रत्येक यूएसबी-सी पोर्ट चित्र पाठवत नाही. ‘डिस्प्लेपोर्ट अल्ट मोड’ आहे का आणि मॉनिटर किती वॉट चार्जिंग देतो, हे दोन्ही तपासावं.

कोणी काय घ्यावं?

• अभ्यास, ऑफिस, बँकिंग, इंटरनेट: २२ किंवा २४ इंच, फुल एचडी, आयपीएस, ७५ ते १०० हर्ट्झ.

• मराठी लेखन, कोडिंग, दिवसभर वाचन: २७ इंच, क्यूएचडी, आयपीएस, उंची बदलणारा स्टँड. बजेट असेल तर २७ इंची फोर-के.

• फोटो आणि डिझाइन: आयपीएस, खरं ८ बिट किंवा त्याहून जास्त, एसआरजीबी ९९ टक्के, कारखान्यातच रंग जुळवून दिलेलं मॉडेल.

• सिनेमे आणि सिरीज: व्हीए. बजेट सैल असेल तर ओलेड.

• गेमिंग: १४४ हर्ट्झच्या पुढचं वेगवान आयपीएस. काम कमी आणि गेमिंग जास्त असेल तर ओलेड.

खरेदीच्या दिवशी काय तपासायचं?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या मॉनिटरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्याहून लहान मॉनिटरवर तो आधीपासून १८ टक्केच होता. त्यामुळे मोठ्या मॉनिटरची जुनी किंमत कोणी सांगत असेल तर घासाघीस करायला वाव आहे.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन घेत असाल तर दुकानातच मॉनिटर लावून बघायचा आग्रह धरा. बाजूला उभं राहून रंग बघा, एखादं मराठी बातम्यांचं पान उघडून बारीक अक्षरं वाचा. ऑनलाइन घेत असाल तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा आणि परत करण्याची मुदत लक्षात ठेवा.

मॉनिटर घरी आल्यावर पूर्ण पडदा लाल, हिरवा, निळा, पांढरा आणि काळा करून बघा. कायम बंद किंवा एकाच रंगात अडकलेला पिक्सेल लगेच दिसतो. मग खोलीत अंधार करून काळा पडदा बघा, म्हणजे कडांमधून प्रकाश झिरपतोय का ते कळेल. एखादा पिक्सेल बंद निघाला म्हणून प्रत्येक कंपनी मॉनिटर बदलून देत नाही. वॉरंटीत किती पिक्सेलची अट आहे आणि दुरुस्तीसाठी माणूस घरी येतो की मॉनिटर सर्व्हिस सेंटरला न्यावा लागतो, हे आधीच विचारून घ्या.

आणि पैसे मोजण्याआधी मॉडेलचा पूर्ण क्रमांक कंपनीच्या वेबसाइटवर टाकून ‘पॅनल टाइप’ ही एक ओळ वाचा. एकाच मालिकेत २४ इंची आयपीएस आणि ३२ इंची व्हीए असणं ही नेहमीची गोष्ट आहे. सेलच्या पानावर ही ओळ सापडत नसेल तर ती सापडेपर्यंत ऑर्डर थांबवलेली बरी.